दगड सापडला नाही तरी कबर सापडते: न्यू यॉर्कमधल्या आयरिश पूर्वजाचा माग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवऱ्याचे खापरपणजोबा १८५०च्या आसपास आयर्लंडहून न्यू यॉर्कला आले आणि १८८०च्या दशकात कधीतरी वारले. नाव पॅट्रिक, आडनाव इतकं सर्रास की त्या काळच्या न्यू यॉर्कमध्ये त्या नावाची शेकडो माणसं निघावीत. घरात एवढंच ऐकिवात आहे की त्यांना ‘कॅल्व्हरीत ठेवलं’. तुम्ही दोघं क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत दिवसभर फिरलात, त्या आडनावाचे पुष्कळ दगड वाचलेत, पण हा आपलाच म्हणावा असा एकही मिळाला नाही. आता आयर्लंडमधलं गाव कसं शोधायचं, हे तुम्ही विचारता.

गाव जरा बाजूला ठेवा. आयर्लंडमध्ये ६०,०००हून जास्त टाउनलँड आहेत. हा तिथला जमिनीचा सगळ्यात लहान विभाग, काही ठिकाणी चार-पाच घरांचाच. नुसतं नाव-आडनाव घेऊन तिकडे शोधायला लागलात तर दर काउंटीत, म्हणजे तिथल्या दर जिल्ह्यात, तुम्हाला एक पॅट्रिक भेटेल, आणि त्यातला सगळ्यात सोयीचा तुम्ही नकळत आपला मानून टाकाल. इंटरनेटवरच्या निम्म्या आयरिश वंशावळी अशाच बिघडल्या आहेत, असं माझं मत आहे. गावाचा धागा बहुतेक वेळा अमेरिकेतल्याच कुठल्यातरी कागदात असतो, आणि त्या कागदापर्यंत पोहोचायची वाट कबरीवरून जाते. दगडावरून जाईलच असं नाही.

कॅल्व्हरी सुरू झाली १८४८ साली. मॅनहॅटनमधल्या जुन्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलच्या विश्वस्तांनी ईस्ट रिव्हरपलीकडे ही जमीन घेतली, आणि १८४५ पासूनच्या आयर्लंडमधल्या मोठ्या दुष्काळातून आलेल्या आयरिशांची पिढीच्या पिढी तिथे गेली. आज तिथे सुमारे ३० लाख दफनं आहेत. यातल्या गरिबांच्या कबरींवर दगड कधी बसलाच नाही. लाकडाचा क्रूस लावला असेल तर तो काही वर्षांत कुजून गेला. म्हणून दगड न दिसणं हा पुरावा नव्हे. ॲनी मूरचंच पाहा. १ जानेवारी १८९२ला परदेशातून येणाऱ्यांची तपासणी होई त्या न्यू यॉर्कच्या एलिस आयलंड केंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारी ही कॉर्कची मुलगी. तिचे पुतळे उभे राहिले, पण पुढे तिचं काय झालं याबद्दल कित्येक वर्षं चुकीची गोष्ट सांगितली गेली. टेक्सासला गेलेल्या दुसऱ्याच एका ॲनी मूरला लोक हीच समजत होते. २००६ साली मेगन स्मोलेन्याक या संशोधिकेने दाखवून दिलं, की टेक्सासच्या ॲनीचा जन्म मुळात इलिनॉयमधला. खरी ॲनी मॅनहॅटनमध्येच राहिली, जर्मन वंशाच्या माणसाशी तिने लग्न केलं, १९२४ साली ती वारली आणि कॅल्व्हरीत तिचं दफन झालं. कबरीवर दगड नव्हता, तो २००८ साली बसला. जगभर नाव झालेल्या मुलीची ही तऱ्हा, तर तुमच्या पॅट्रिकच्या दगडाची अपेक्षा कशाला धरायची? दफनभूमीच्या वहीत मात्र ॲनीची नोंद इतकी वर्षं जागच्या जागी होती.

ही वही उघडून घ्यायची तर मृत्यूची तारीख हवी. ३० लाखांत नुसत्या नावावर कोणी शोधून देत नाही, आणि कार्यालय शोधाची फी घेतं, तेव्हा आधी तारीख मिळवा. इथे एक गल्लत फार होते. कॅल्व्हरी क्वीन्समध्ये आहे म्हणून लोक क्वीन्सच्या मृत्यूनोंदी चाळत बसतात. मृत्यूची नोंद माणूस जिथे वारला तिथे होते, पुरला तिथे नव्हे. तुमचे खापरपणजोबा मॅनहॅटनमध्ये राहत असतील तर मॅनहॅटनची नोंद बघा. ब्रुकलिनमध्ये असतील तर ब्रुकलिनची, कारण १८९८ पर्यंत ब्रुकलिन हे वेगळं शहर होतं. न्यू यॉर्क शहराच्या म्युनिसिपल अर्काइव्ह्जने जुन्या जन्म-मृत्यू-विवाह प्रमाणपत्रांच्या लाखो प्रतिमा २०२२ पासून इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत. प्रमाणपत्रावर शेवटचा पत्ता, वय, धंदा, शहरात किती वर्षं राहिला आणि दफन कुठे झालं हे असतं. जन्मस्थानाच्या रकान्यात बहुधा नुसतं ‘आयर्लंड’ लिहिलेलं असतं, त्याने खट्टू होऊ नका.

एकाच नावाची दहा प्रमाणपत्रं निघाली तर आपलं कोणतं, हे पत्त्यावरून ठरवायचं. १८८०ची शिरगणती आणि त्या दशकातल्या सिटी डिरेक्टऱ्या, म्हणजे शहरातल्या रहिवाशांची नावं-पत्ते छापलेली पुस्तकं, शेजारी ठेवा. १८९०ची शिरगणती आगीत गेल्यामुळे या दशकात डिरेक्टरीला पर्याय नाही. माझी आवडती युक्ती सांगते: डिरेक्टरीत नवरा शोधू नका, बायको शोधा. नवरा असेपर्यंत तिचं नाव सहसा छापलं जात नसे. ‘मेरी, पॅट्रिकची विधवा’ अशी ओळ ज्या वर्षी पहिल्यांदा दिसते त्याच्या अलीकडच्या वर्ष-दोन वर्षांत तो वारला. पत्ता जुळला की मग प्रमाणपत्र सापडायला वेळ लागत नाही.

तारीख हाती आली की दफनभूमीच्या कार्यालयाला लिहा. बहुतेक जण इथे फक्त कबर कुठे आहे एवढंच विचारतात आणि निम्मी माहिती तिथेच सोडून येतात. कॅल्व्हरीत जागा सेक्शन, रेंज, प्लॉट आणि ग्रेव्ह अशी सांगतात. ती तर घ्याच. पण त्याच पत्रात विचारा की या कबरीत आणखी कोणाकोणाची दफनं झाली, प्रत्येकाची तारीख आणि वय काय, आणि ही जागा कोणी, कधी विकत घेतली. ही यादी म्हणजे एका दगड नसलेल्या घराण्याचं रेशनकार्ड समजा.

ती वाचायची कशी, हे एका कल्पित उदाहरणाने सांगते. समजा जागा १८६१ची, आणि पहिलं दफन दोन वर्षांच्या मुलाचं. असं फार दिसतं, कारण गरीब कुटुंब जागा आधी घेऊन ठेवत नाही. घरात पहिला मृत्यू होतो तेव्हा घाईने घेतं, आणि तो मृत्यू बऱ्याचदा लेकराचा असतो. पुढे १८६८ला वेगळ्याच आडनावाची ७० वर्षांची बाई. मग १८८४ला तुमचे पॅट्रिक. मग १८९१ला त्या बाईच्याच आडनावाचा ४५ वर्षांचा पुरुष. आता ही बाई कोण? पॅट्रिकची सासू असण्याचा संभव सगळ्यात जास्त, आणि तो पुरुष पॅट्रिकच्या बायकोचा, मेरीचा, भाऊ. म्हणजे मेरीचं माहेरचं आडनाव बसल्या जागी मिळालं. पॅट्रिकच्या आडनावाने कुठलाही दरवाजा उघडत नव्हता. आता दोन आडनावांची जोडी आहे, आणि ती दोन्ही जिथे शेजारी-शेजारी नांदत होती अशा पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दी, आयर्लंडमध्ये मोजक्याच निघतील. शिवाय कबरीतल्या प्रत्येकाची मृत्यूनोंद वेगळी शोधता येते, वर्तमानपत्रातली निधनवार्ताही निघू शकते, आणि त्यातल्या एखाद्यात काउंटी लिहिलेली असू शकते. अर्थात सासू हा अंदाज आहे. तिच्या प्रमाणपत्रावरचा पत्ता मेरीच्या पत्त्याशी जुळला तरच तो धरायचा.

एक सावधगिरी बाळगा. काही कबरी घराण्याच्या नसतातच. ज्यांना पूर्ण जागा परवडत नसे त्यांना एकेक दफनापुरती जागा मिळे, आणि त्याच खड्ड्यात वर-खाली परकी माणसं ठेवली जात. फरक तारखांवरून कळतो. तीन दफनं एका आठवड्यात झाली असतील आणि तिन्ही आडनावं वेगळी असतील, तर ती माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती. तीच दफनं ३० वर्षांत पसरली असतील, तर वेगळं आडनाव हाच तुमचा धागा आहे.

‘कॅल्व्हरी’ हे घरातलं ऐकीव आहे, तेव्हा तेही तपासा. प्रमाणपत्रावर दुसरंच नाव निघालं तर गोंधळू नका. ब्रुकलिनच्या कॅथलिकांसाठी फ्लॅटबुशला होली क्रॉस १८४९ पासून आहे. ज्यांच्यासाठी कोणी खर्च केला नाही ते हार्ट आयलंडवर गेले. तिथे १८६९ पासून शहराने बेवारस आणि गरीब मृतांना पुरलं, आणि ही संख्या १० लाखांवर आहे. मॅनहॅटनमध्ये ११व्या रस्त्यावर कॅल्व्हरीच्या आधीची एक कॅथलिक दफनभूमी होती, तिथले अवशेष १९०९ साली कॅल्व्हरीत हलवले. म्हणून एखाद्या दगडावर दफनभूमी सुरू होण्याच्या आधीचं साल दिसलं तर लगेच चूक समजू नका. अवशेष हलवले असतील, किंवा दुसरीकडे पुरलेल्या आईबापांची नावं मुलांनी मागाहून कोरून घेतली असतील.

आणि कुटुंबातला कोणी वाटेतच गेला असेल तर न्यू यॉर्क सोडून क्वारंटाइनच्या बेटांकडे वळावं लागतं. १८४७च्या उन्हाळ्यात तापाने भरलेली जहाजं कॅनडाकडे निघाली. क्यूबेकजवळच्या ग्रोस आयल बेटावर त्या एका वर्षात ५,०००हून अधिक माणसं पुरली गेली. तिथे दगड नाहीत, पण बेटावर वारलेल्यांच्या नावांच्या याद्या पार्क्स कॅनडाने लोकांसाठी खुल्या केल्या आहेत. बॉस्टनच्या डीअर आयलंडवरही १८४७ ते १८४९ या काळात ८००च्या वर आयरिश वारले. पेनसिल्व्हेनियात माल्व्हर्नजवळ डफीज कट नावाची जागा आहे. १८३२ साली रेल्वेचं काम करायला आलेले ५७ आयरिश मजूर तिथे काही आठवड्यांत मेले, आणि कंपनीने ही गोष्ट दाबून ठेवली. २००९ साली तिथे पहिली मानवी हाडं सापडली. त्यातला एक तरुण जहाजाच्या यादीवरून आणि दातांच्या ठेवणीवरून ओळखला गेला, आणि २०१३ साली आयर्लंडच्या डोनेगल काउंटीतल्या आर्दारा इथे त्याचं पुन्हा दफन झालं. एवढं भाग्य क्वचित कोणाच्या वाट्याला येतं, पण कागद आणि माती दोन्ही बोलायला लागली की काय होऊ शकतं हे त्यावरून कळतं.

आता गावाकडे. कबरीच्या यादीतल्या प्रत्येकाची निधनवार्ता शोधा. ब्रुकलिन डेली ईगल हे जुनं वृत्तपत्र तर ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. दोन-तीन ओळींच्या मजकुरात शेवटी ‘लाँगफर्डच्या वृत्तपत्रांनी कृपया छापावे’ असं काही असतं, आणि नेमकं तेच वाक्य लोक गाळून वाचतात. तिकडच्या नातलगांना कळावं म्हणून ते टाकलेलं असे, म्हणजे तीच काउंटी. अमुक काउंटीच्या मंडळाच्या सभासदांनी अंत्ययात्रेला यावं असं आवाहन असेल तर तेही तितकंच कामाचं. प्रार्थना कोणत्या चर्चमध्ये झाली हे टिपून घ्या आणि त्या पॅरिशचे विवाह व बाप्तिस्मा यांचे रजिस्टर बघा. मॅनहॅटनमधल्या मॉट स्ट्रीटवरच्या ट्रान्सफिगरेशन चर्चचे पाद्री लग्नाच्या नोंदीत वधूवरांचं आयर्लंडमधलं मूळ ठिकाण लिहीत. फाइव्ह पॉइंट्स या बदनाम वस्तीत स्लायगो आणि केरी या काउंट्यांतले लोक कोणत्या जमीनदाराच्या इस्टेटीतून आले, हे शोधताना इतिहासकारांना त्या वह्यांचीही मदत झाली. सगळे पाद्री इतके नेटके नव्हते. पण मुलांच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता-धर्ममाता म्हणून कोण उभं राहिलं हे जवळपास सगळ्यांनी लिहिलंय, आणि ती माणसं बहुधा गावाकडचीच असत.

न्यू यॉर्कच्या आयरिशांसाठी आणखी एक खजिना आहे, एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक. ही १८५० साली सुरू झाली. खातेदार पुढे खरा तोच आहे हे पडताळता यावं म्हणून बँक त्याच्याकडून आईबापांची, भावंडांची नावं, जन्मगाव, जहाज आणि आल्याचं साल असं सगळं लिहून घ्यायची. काही नोंदींत थेट टाउनलँडपर्यंत माहिती आहे. मूळ वह्या न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत, आणि ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर शोधता येतात. हमाल, मोलकरणी, फेरीवाले यांचीही खाती तिथे होती, तेव्हा आपला माणूस गरीब होता म्हणून हा दरवाजा टाळू नका. बॉस्टनच्या पायलट या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती येत आणि त्यांतही पॅरिश आणि काउंटी दिलेली असे. त्यांचा शोधता येणारा संग्रह बॉस्टन कॉलेजने फुकट ठेवला आहे. घरातला कोणी अमेरिकेच्या यादवी युद्धात लढला असेल तर वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमधली विधवेच्या पेन्शनची फाइल मागवा. लग्न आणि मुलांचे जन्म सिद्ध करायला तिने जोडलेले कागद त्यात असतात.

दगड असलेली एखादी कबर याच शोधात निघेलच, पॅट्रिकच्या भावाची किंवा मुलीची. तो दगड चारही बाजूंनी टिपा, पायथा टिपा, आजूबाजूचे चार-सहा दगडही टिपा. एका पॅरिशची माणसं जागा बहुतेक जवळजवळ घेत. ‘अमुक पॅरिशचा, काउंटी मेयोचा रहिवासी’ अशी ओळ तुम्हाला शेजाऱ्याच्या दगडावर मिळू शकते. अक्षरं पुसट असतील तर खडू, शेव्हिंग क्रीम, तारेचा ब्रश यातलं काहीही लावू नका, जुना संगमरवर त्याने भुगा होऊन निघतो. आरशाने ऊन तिरकं पाडा आणि फोटो काढा, खोल-उथळ अक्षरं आपोआप उठून दिसतात. दगडावरचं वय दहा वर्षांपर्यंत चुकीचं धरून चाला. या लोकांना स्वतःची जन्मतारीख नेमकी ठाऊक नसे. शॅमरॉकचं तीन दलांचं पान आणि हार्प हे तंतुवाद्य या आयरिश खुणा दिसल्या म्हणून हुरळू नका, त्या त्या काळी सगळेच आयरिश कोरून घेत.

फाइंड अ ग्रेव्ह या कबरींच्या नोंदींच्या संकेतस्थळाबद्दल दोन शब्द. दगडाचा फोटो असेल तर तो पुरावा म्हणून घ्या. त्याखाली कोणीतरी लिहिलेले आईबाप, जन्मगाव, जोडलेली नाती हे सगळं निव्वळ सांगोवांगी म्हणून घ्या. फोटो नसलेल्या नोंदीवर तर काहीच उभारू नका.

नावांचाही एक घोळ लक्षात असू द्या. ब्रिजेट तीच डेलिया आणि तीच बिडी. होनोरा कधी नोरा असते तर कधी ॲना. जेरेमाया म्हणजे डार्बी असू शकतो. ओ’ आणि मॅक अमेरिकेत गळतात आणि पुढच्या पिढीत परत येतात. मुलांची नावं ठेवण्याची एक रीत मात्र भरवशाची आहे, आणि आपल्या घरांत आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तशीच ती आहे: पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांचा, दुसरा आईच्या वडिलांचा, पहिली मुलगी आईच्या आईची. पॅट्रिकच्या थोरल्या मुलाचं नाव मायकल असेल तर आयर्लंडमध्ये मायकलचा मुलगा पॅट्रिक शोधा. ही रीत पुरावा नाही, पण पन्नासातले चाळीस पॅट्रिक बाजूला काढायला ती पुरते.

काउंटी आणि दोन आडनावं हातात आल्यावरच आयर्लंडचे कागद उघडा. १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर जळालं आणि १८२१ ते १८५१ या काळातल्या शिरगणत्या जवळजवळ सगळ्या गेल्या, हे तुम्ही वाचलं असेलच. कॅथलिक पॅरिशच्या वह्या त्या इमारतीत नव्हत्या, म्हणून वाचल्या. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने २०१५ साली त्यांच्या प्रतिमा फुकट खुल्या केल्या. पण त्यांत बाप्तिस्मे आणि लग्नं आहेत, दफनाच्या नोंदी फारच थोड्या पॅरिशनी ठेवल्या. पश्चिमेकडच्या काउंट्यांत तर पुष्कळ ठिकाणी १८३०च्या आधीच्या वह्याच नाहीत. १८४७ ते १८६४ या काळातलं ग्रिफिथचं व्हॅल्युएशन, म्हणजे करासाठी केलेली जमिनींची मूल्यनोंद, जमीनधारकांची नावं टाउनलँडवार देतं, तिथे ती दोन आडनावं शेजारी कुठे आहेत ते बघा. मागे राहिलेले आईबाप १८७१ नंतर वारले असतील तर त्यांची सरकारी मृत्यूनोंद आयरिशजिनिऑलजी डॉट आयई या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळेल.

आयर्लंडमधल्या दफनभूमींकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. डब्लिनचं ग्लासनेव्हिन १८३२ पासूनच्या नोंदी जपून आहे, बेलफास्ट महापालिकेने आपल्या नोंदी शोधता येतील अशा ठेवल्या आहेत. ही शहरं झाली. खेड्यातल्या गरीब कॅथलिकाच्या कबरीवर बिनअक्षरी धोंडा असतो, आणि कॉर्कमधल्या स्किबरीनजवळच्या ॲबीस्ट्रूरीसारख्या ठिकाणी दुष्काळातले हजारो मृत सामायिक खड्ड्यांत आहेत. तरीही गावच्या दफनभूमीचा फोटोसंग्रह असेल तर चाळाच. हिस्टॉरिक ग्रेव्ह्ज या प्रकल्पात गावकऱ्यांनीच शेकडो जुन्या दफनभूमी वाचून नोंदवल्या आहेत. तिथे आडनावाबरोबर ‘न्यू यॉर्क’ आणि ‘अमेरिका’ हे शब्दही शोधा. परदेशी गेलेली मुलं हातात चार पैसे आले की मागे पैसे पाठवून आईबापांच्या कबरीवर दगड बसवून घेत, आणि दगडावर कोरलेलं असे, ‘न्यू यॉर्कवासी मुलाने उभारला’. न्यू यॉर्कमध्ये स्वतः बिनदगडाचा पडलेला माणूस गावाकडे आईबापांसाठी दगड लावून गेला, असं मी एकाहून अधिक घराण्यांत पाहिलंय.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंत, की जागा सापडली तर दगड बसवता येईल का. कबरीचा हक्क ज्याने ती विकत घेतली त्याच्या वारसांकडे राहतो. त्यामुळे खरेदीदाराचं नाव कळलं की त्याच्यापासून नवऱ्यापर्यंतची साखळी प्रमाणपत्रांनिशी दाखवावी लागेल, आणि इतर वारसांची संमतीही मागितली जाऊ शकते. ती साखळी या शोधात तयार होतेच, तेव्हा प्रत्येक कागदाची प्रत पहिल्या दिवसापासून क्रमाने लावून ठेवा. आणि कार्यालयाला पत्र पाठवताना वर सांगितलेले सगळे प्रश्न एकाच पत्रात घाला, नाहीतर फी पुन्हा भरावी लागेल.